विमानाला ऊन लागतं का?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात नंदनवनहून एक पत्र आलं आहे. लिहिणारी आठवीत शिकते. तिचा आतेभाऊ विमान चालवायला शिकतो आहे. ती लिहिते, "दादा मे महिन्यात पहाटे चारला उठून जातो आणि दुपारी कूलरपुढे पाय पसरून झोपतो. विचारलं तर म्हणतो, दुपारी विमानाला ऊन लागतं. बाबा म्हणतात, विमानाला नाही, यालाच ऊन लागतं. खरं कोणाचं?"

खरं दादाचं. बाबांचंही अगदीच चूक नाही म्हणा, नवतपात नागपूरला ऊन कोणाला लागत नाही? डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरी आल्यावर कैरीचं पन्हं, हे इलाज माणसांसाठी ठीक आहेत. विमानाला यातलं काही चालत नाही. आणि त्याला ऊन लागलं आहे हे अंगाला हात लावून कळत नाही, गणित करून कळतं. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन बसा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, यापलीकडे काही लागणार नाही. आई-बाबांनीही शेजारी बसायला हरकत नाही.

आधी एक सांगा, तुमच्या खोलीतल्या हवेचं वजन किती असेल? "हवेला कसलं आलंय वजन!" असं म्हणू नका हं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घेऊ. ती झाली एक हजार घनफुटांची, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. जानेवारीतल्या पहाटे नागपूरला १२ अंश सेल्सियस असताना एक घनमीटर हवा जवळजवळ १.२ किलो भरते. म्हणजे खोलीतली सगळी हवा झाली सुमारे ३४ किलो. तुमच्या वर्गातलं एखादं मूलच म्हणा ना!

आता मे महिन्यातली दुपार. पारा ४५ वर. तीच खोली, तीच दारं-खिडक्या, पण आता एक घनमीटर हवा भरते जेमतेम १.०६ किलो. खोलीतली हवा ३० किलोंच्या आसपास. चार किलो हवा गेली कुठे? गेली दाराच्या फटीतून, खिडकीतून बाहेर. हवा तापली की तिचे रेणू जास्त धावपळ करतात, एकमेकांपासून लांब सरकतात, हवा फुगते. खोली काही फुगत नाही, मग जास्तीची हवा बाहेर पडते. शिवाय उन्हाळ्यात नागपूरवर हवेचा दाबही कमी असतो, त्याचाही यात वाटा आहे. थोडक्यात, मे महिन्यातल्या दुपारची हवा विरळ असते.

आपल्याला या चार किलोंचा पत्ता लागत नाही. विमानाला लागतो, कारण विमान हवेवरच जगतं. तेही एका नाही, तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण पंख. पंख हवेला खाली ढकलतात, हवा विमानाला वर उचलते. ढकलायला हवाच कमी मिळाली तर तेवढीच उचल मिळवण्यासाठी जास्त वेगाने धावावं लागतं. दुसरं ठिकाण नाकावरचा फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर. तो हवा मागे फेकतो आणि विमान पुढे ओढतो. विरळ हवेत त्याची पकड सैल पडते. तिसरं ठिकाण इंजिन. ते पेट्रोल जाळतं आणि जाळायला हवा पितं. प्रत्येक घोटात हवा कमी आली की ताकदही कमी. सेसना १५२ हे दोन माणसांचं, शिकाऊ वैमानिकांचं लाडकं छोटं विमान. त्याचं इंजिन आहे ११० अश्वशक्तीचं. नागपूरच्या मे महिन्यात त्यातले काही घोडे गोठ्यातच बसून राहतात! म्हणजे धावायला हवं जास्त, आणि धावायची ताकद कमी.

यात एक गंमत आहे. विमानातला वेग दाखवणारा काटाही हवेच्या धक्क्यावरच चालतो. त्यामुळे सेसना १५२ चं नाक उचलायचं ते काट्यावर ५० नॉट दिसले की, मग जानेवारी असो की मे. पण जानेवारीच्या पहाटे काटा ५० दाखवतो तेव्हा जमिनीवरचा खरा वेग असतो ताशी सुमारे ९४ किलोमीटर. मे महिन्यातल्या दुपारी तोच काटा ५० दाखवेपर्यंत चाकं ताशी १०० किलोमीटरने पळत असतात. काटा सारखाच, धावपट्टी मात्र जास्त खर्च झालेली. म्हणून नुसत्या काट्याकडे बघून हे ऊन कळत नाही.

मग कळतं कसं? वैमानिक विचारतात, "आज इथली हवा किती उंचीवरच्या हवेसारखी आहे?" उंचावर हवा विरळ असते हे तुम्हाला माहीत आहेच. तर आजची सोनेगावची विरळ हवा एरवी कुठल्या उंचीवर सापडली असती, ती उंची काढायची. तिला म्हणतात घनता-उंची. चला, काढूया.

सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०३० फूट उंच आहे. पहिली पायरी दाबाची. जगभरच्या वैमानिकांनी हवेचा एक ठरावीक दाब प्रमाण मानला आहे, १०१३ हेक्टोपास्कल. जुन्या पुस्तकांत याच एककाला मिलिबार म्हणतात. विमानतळाचं हवामान कार्यालय आजचा दाब सांगतं. मे महिन्यातल्या दुपारी तो १००३ आहे असं धरा. दहाने कमी. प्रत्येक हेक्टोपास्कलमागे साधारण ३० फूट, म्हणजे ३०० फूट. ते १०३० मध्ये मिळवले, झाले १३३०.

दुसरी पायरी तापमानाची. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला १५ अंश असतात आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश उतरतात. म्हणजे १३३० फुटांवर असायला हवे होते १२ अंश. आणि आहेत किती? ४५! फरक ३३ अंशांचा. प्रत्येक अंशामागे १२० फूट मोजायचे. ३३ गुणिले १२०, उत्तर ३९६०. ते १३३० मध्ये मिळवा. ५२९० फूट!

आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. म्हणजे सोनेगावच्या सपाट धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला दुपारी वाटतं, आपल्याला कोणीतरी कळसूबाईच्या माथ्याजवळ नेऊन ठेवलंय. (हा १२० चा हिशेब अंगठेनियमाचा आहे, बरं का. नेमकं सूत्र वापरलं तर अशा कडक उन्हात उत्तर दोनतीनशे फुटांनी कमी येतं. पण वैमानिकाचा हिशेब चुकायचाच असेल तर सावधगिरीच्या बाजूला चुकलेला बरा.)

आता जानेवारीची पहाट करून बघा. दाब १०१६, तापमान १२. दाब प्रमाणापेक्षा ३ ने जास्त, म्हणून ९० फूट वजा, राहिले ९४०. त्या उंचीला हवेत १३ अंश, आहेत १२. एका अंशाचे १२० फूट वजा. उत्तर ८२०. म्हणजे विमानाला वाटतं आपण आहोत त्याहूनही खाली आहोत! धावपट्टी तीच, विमान तेच, आणि फरक साडेचार हजार फुटांचा.

अर्थात गणितात आकडा बरोबर घातला तरच उत्तर बरोबर. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखवलं होतं, आठवतंय? देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं, यंत्राचा संवेदकच बिघडला आहे. तो आकडा कोणी वर घातला असता तर घनता-उंची निघाली असती साडेसहा हजारांच्या वर. नागपूरचा खरा विक्रम आहे ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. हेही लक्षात ठेवा की हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापीवरचं. धावपट्टीचं डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं.

आता खरी मेख. प्रत्येक विमानाबरोबर एक पुस्तिका येते. तिच्यात तक्ते असतात. इतक्या उंचीवर, इतक्या तापमानाला, विमान उडायला किती धावपट्टी लागेल. सेसना १५२ च्या पुस्तिकेतली एक हजार फुटांची ओळ बघा. विमान पूर्ण भरलेलं, धावपट्टी कोरडी आणि सपाट, वारा नाही. उभं असलेलं विमान धावायला लागल्यापासून समोरच्या ५० फूट उंच झाडावरून पार होईपर्यंत किती अंतर लागतं? शून्य अंशाला १३१० फूट. दहाला १४२०. वीसला १५३०. तीसला १६४५. चाळीसला १७७०.

आणि पुढे?

पुढे काही नाही. चाळीसला तक्ता संपतो! नागपूर मात्र मे महिन्यात चाळीसला संपत नाही, तिथून सुरू होतं.

"मग काय झालं, पुढचा आकडा आपण काढू की," असं तुमच्यातला गणितात हुशार असलेला कोणीतरी नक्की म्हणणार. जरा थांबा. आकड्यांमधला फरक बघा. ११०, ११०, ११५, १२५. उडी वाढत चालली आहे. पुढची किती, १३५ की १५०? अंदाज बांधता येईल, पण तो अंदाजच. विमान बनवणाऱ्यांनी त्या रकान्यासाठी शब्द दिलेला नाही. आणि दिलेले आकडेही नव्या विमानाचे, नव्या इंजिनाचे आणि कसलेल्या वैमानिकाच्या हातचे. क्लबातलं वीस-तीस वर्षं वापरलेलं विमान आणि शिकाऊ हात यांना त्याहून जास्तच लागणार.

मग कायदा काय म्हणतो? आपल्याकडे विमानांचे नियम नागरी विमानवाहतूक महासंचालनालय बघतं. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. पण या बाबतीतलं मूळ तत्त्व जगभर जुनंच आहे. विमान त्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत चालवायचं, आणि आजच्या हवेत, आजच्या वजनाला, या धावपट्टीवरून ते सुखरूप उडेल की नाही याची खात्री उड्डाणाआधी वैमानिकाने करून घ्यायची. ती जबाबदारी मुख्य वैमानिकाची, दुसऱ्या कोणाची नाही.

मोठ्या विमानांच्या पुस्तिकेत तर तापमानाची कमाल मर्यादाच लिहिलेली असते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात चाळीसहून जास्त विमानफेऱ्या रद्द झाल्या. तिथल्या बाँबार्डियर कंपनीच्या छोट्या प्रवासी विमानांची मर्यादा होती ११८ अंश फॅरनहाइट, आणि अंदाज होता त्याहून जास्तीचा. मोठी बोइंग आणि एअरबस विमानं उडत राहिली, कारण त्यांची मर्यादा १२६-१२७ अंशांची होती. आता ११८ फॅरनहाइटचे सेल्सियस करा बघू. ४७.८! आपल्या २०१३ च्या विक्रमाहून एका दशांशाने कमी.

आपल्या देशातही हे घडतं. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांहून उंच. तिथे जुलै २०२४ च्या अखेरीस उन्हामुळे काही विमानं रद्द करावी लागली. तापमान किती, तर पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे. नागपूरकर हसतील! पण वरचंच गणित त्या उंचीवर करून बघा, उत्तर पंधरा हजारांच्या पलीकडे जातं.

सेसना १५२ सारख्या विमानाला मात्र अशी लाल रेघ आखून दिलेली नाही. तक्ता नुसता संपतो. तिथे थांबायचं की नाही हे ठरवायला समोर कोणी अधिकारी उभा नसतो. म्हणून तिथे धोका जास्त, असं मला वाटतं.

३० जून २०१२ ला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काय झालं ते सांगतो. डोंगरातली सुमारे ६४०० फूट उंचीवरची धावपट्टी, उन्हाळ्याची दुपार, चार माणसं बसलेलं एक जुनं स्टिन्सन विमान. विमानात चित्रीकरण चालू होतं म्हणून सगळं नोंदलं गेलं. विमान धावत राहिलं, बऱ्याच वेळाने उचललं गेलं, आणि मग चढेचना. झाडांच्या शेंड्यांवरून थोडा वेळ रेंगाळलं आणि शेवटी झाडीत कोसळलं. नशीब बलवत्तर म्हणून चौघंही वाचले. तिथल्या चौकशी मंडळाने कारण लिहिलं, की ज्या घनता-उंचीवर हे उड्डाण केलं ती या विमानाच्या तक्त्याबाहेरची होती. शिवाय वारा मागून, आणि वजन जवळजवळ कमाल.

यातलं "उचललं गेलं, पण चढेचना" हे नीट वाचा. जमिनीच्या अगदी जवळ असताना पंखांखालच्या हवेचा थोडा जास्तीचा आधार मिळतो, त्यामुळे विमान जमीन सोडतं. वैमानिकाला वाटतं, झालं! पण थोडं वर गेलं की तो आधार सुटतो आणि खरी परीक्षा सुरू होते. म्हणून लांब धावपट्टी असली म्हणजे झालं असं नाही. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर लांब आहे. तिच्यावर सेसना १५२ चं उड्डाण होऊन वर जागा उरेल. प्रश्न पुढचा आहे. पुस्तिकेप्रमाणे जानेवारीच्या पहाटे हे विमान मिनिटाला सुमारे ६८० फूट चढतं. ४० अंशांना, म्हणजे तक्ता संपतो तिथेच, सुमारे ५६५. विदर्भातल्या छोट्या धावपट्ट्यांवर, जिथे टोकाला झाडं नाहीतर विजेच्या तारा असतात, तिथे हा फरक डोळ्यांसमोर उभा राहतो.

ऊन आपल्या हातात नाही. हातात आहे ते वजन. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५३० किलोंचं धरू, शिक्षक ८०, विद्यार्थी ६५. टाकीत सुमारे ९३ लिटर पेट्रोल मावतं. विमानाचं पेट्रोल लिटरला ०.७२ किलो, म्हणजे ६७ किलो. बेरीज करा, ७४२. कागदावर बसतं. पण कडक उन्हात शहाणा शिक्षक म्हणेल, टाकी अर्धीच भरा. ३३ किलो वाचले. मग पेट्रोल पुरेल का? तासाला साधारण २३ लिटर जळतं, म्हणजे अर्धी टाकी दोन तासांची. दिवसाच्या उड्डाणात अर्ध्या तासाचं पेट्रोल राखीव ठेवायचं हा आंतरराष्ट्रीय नियम. उरला दीड तास. एका पाठाला पुष्कळ झाला. पण वजन घटवायच्या नादात त्या राखीव अर्ध्या तासाला हात लावायचा नाही.

आता थोडं पावसाळ्याचं. जूनमध्ये चार सरी पडल्या की पारा उतरतो आणि आपण हुश्श करतो. विमानालाही बरं वाटतं, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही. कारण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते! विश्वास नाही बसत ना? पाण्याचा रेणू १८ वजनाचा, आणि हवेचे रेणू सरासरी २९. जड रेणूंच्या जागी हलके येऊन बसले की हवा हलकी होणारच. फरक थोडाच असतो, पण असतो. म्हणजे जूनमध्ये तुमचा कूलर रुसतो तेव्हा विमानही थोडं कुरकुरतं.

नागपूर आणि रात्रीची विमानं यांचं नातं जुनं आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथे एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत परतायची. टपाल सकाळी पोचावं म्हणून ही वेळ होती, उन्हासाठी नव्हे. पण मे महिन्यातही त्या डाकोटांना सोनेगावची दुपार कधी बघावी लागली नाही.

तुमच्यातल्या ज्यांना वैमानिक व्हायचं आहे त्यांनी हे गणित आतापासून हाताखालून घालावं. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, म्हणजे काहींना दोनच वर्षं उरली आहेत. आणि पहाटे चारचं कोडंही तुम्हीच सोडवा. मे महिन्यातली पहाट, साडेपाच वाजले आहेत, तापमान २९ अंश, दाब १००६. सोनेगावची घनता-उंची काढा. ३२०० फुटांच्या आसपास उत्तर आलं तर बरोबर. दुपारच्या ५२९० मधून ते वजा करा आणि वही बाबांना दाखवा.